व्यवस्थापन सेवेचा प्रोटोकॉल स्टॅक ओळखणे (युनिक्स)

युनिक्स आणि तिच्या वळणाच्या प्रणालींवर यंत्राची देखरेख दुरून करता यावी म्हणून काही सेवा सतत चालू ठेवलेल्या असतात. दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन देणारी एसएसएच (टीसीपी पोर्ट २२), उपकरणांची स्थिती विचारता येणारी एसएनएमपी (यूडीपी पोर्ट १६१), आरपीसी म्हणजे दूरच्या यंत्रावरील कामे बोलावणाऱ्या सेवांचे पत्ते सांगणारी आरपीसीबाइंड (पोर्ट १११), ब्राउझरमधून यंत्र सांभाळू देणारी कॉकपिट (टीसीपी पोर्ट ९०९०) ही त्यांतली नेहमीची नावे. अशी सेवा इंटरनेट प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्तीवर (आयपीव्ही४) ऐकते, नव्या आवृत्तीवर (आयपीव्ही६) ऐकते की दोन्हींवर, हे ठरवणे म्हणजे तिचा स्टॅक ओळखणे. फायरवॉलचे नियम या उत्तरावर लिहिले जातात, त्यामुळे ते चुकले तर बंद समजलेली वाट उघडीच राहते.

सॉकेट म्हणजे प्रोग्रामचे नेटवर्कशी जोडणीचे टोक; ते १९८३ साली ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीमधून प्रचारात आले. ते उघडताना प्रोग्रामला पत्त्यांचे कुल सांगावे लागते: आयपीव्ही४साठी एएफ_आयनेट, आयपीव्ही६साठी एएफ_आयनेट६. गुंता होतो तो दुसऱ्या कुलामुळे. आरएफसी ३४९३ या इंटरनेट मानकविषयक दस्तऐवजानुसार (२००३) आयपीव्ही६ सॉकेटला आयपीव्ही४ ग्राहकही स्वीकारण्याची मुभा आहे. त्या ग्राहकाचा पत्ता सेवेला १२८ बिटांच्या साच्यात बसवलेला दिसतो: पहिले ८० बिट शून्य, पुढचे १६ बिट एक आणि शेवटच्या ३२ बिटांत मूळ पत्ता. ही मुभा बंद करणाऱ्या पर्यायाचे नाव आयपीव्ही६_व्ही६ओन्ली. लिनक्सवर तो मुळात बंद असतो, फ्रीबीएसडीवर चालू असतो आणि ओपनबीएसडीवर कायम चालू असून बदलता येत नाही. तोच प्रोग्राम दोन प्रणालींवर वेगळा वागतो तो बऱ्याचदा यामुळेच.

लिनक्सवर उघडी सॉकेटे दाखवणाऱ्या नेटस्टॅट आज्ञेच्या यादीत सेवेपुढे ‘टीसीपी६’ दिसले की ती फक्त आयपीव्ही६वर आहे असा निष्कर्ष काढला जातो. ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे. ती खूण सॉकेटचे कुल सांगते, येणाऱ्या पॅकेटचे नव्हे. जावावर चालणाऱ्या व्यवस्थापन सेवा सहसा अशाच दिसतात आणि आयपीव्ही४ ग्राहकांना बिनबोभाट उत्तरे देतात. ते ग्राहक आयपीटेबल्सच्या (आयपीव्ही४ची फायरवॉल) नियमांतून जातात, आयपी६टेबल्सच्या (आयपीव्ही६ची फायरवॉल) नव्हे. तेव्हा ‘टीसीपी६’ पाहून फक्त आयपी६टेबल्समध्ये नियम घातला, तर आयपीव्ही४ची वाट मोकळीच राहते.

सॉकेटांची यादी देणारी एसएस ही दुसरी आज्ञा याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे. दोन्ही कुलांना उघडे असलेले सॉकेट ती ‘*:९०९०’ असे दाखवते आणि फक्त आयपीव्ही६चे ‘[::]:२२’ असे. विस्तृत माहिती मागितली तर व्ही६ओन्लीची खूणही छापते. ओपनएसएसएच (एसएसएच सेवेचा प्रचलित प्रोग्राम) स्वतः सॉकेट उघडते तेव्हा दोन कुलांसाठी दोन स्वतंत्र सॉकेटे घेते, म्हणून तिच्या दोन ओळी दिसतात. फ्रीबीएसडीवर याच कामाला सॉकस्टॅट ही आज्ञा वापरतात. दोन्ही कुले घेणाऱ्या सॉकेटपुढे तिथे थेट ‘टीसीपी४६’ येते.

कधी सॉकेटचा मालकच भलता दिसतो. कॉकपिटचे पोर्ट सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) धरून ठेवते आणि पहिला ग्राहक आल्यावर सेवा सुरू करते. अशा वेळी स्टॅक ठरतो सिस्टमडीच्या सॉकेट युनिटच्या फाइलीत, सेवेच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी तो सापडत नाही. कंटेनरमधली (यंत्रातल्या वेगळ्या कप्प्यात चालणारी) सेवा तर बाहेरून पाहिल्यास सहसा यादीत येतही नाही. तिचे नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे सॉकेटांचा व पत्त्यांचा संच, सहसा वेगळे असते, म्हणून एनएसएंटर या आज्ञेने आत शिरूनच पाहावे लागते.

आरपीसीबाइंडकडे नोंदलेल्या आरपीसी सेवा पाहण्यासाठी आरपीसीइन्फो ही आज्ञा आहे, पण तिचा सवयीने वापरला जाणारा ‘पी’ पर्याय आरपीसीबाइंडच्या प्रोटोकॉलच्या आवृत्ती २मध्ये विचारणा करतो. त्या आवृत्तीला आयपीव्ही६ माहीतच नाही. पर्याय न देता चालवली की ‘टीसीपी६’ व ‘यूडीपी६’च्या नोंदीही समोर येतात.

यादी वाचून झाल्यावर दुसऱ्या यंत्रावरून जोडणी करून पाहणे आवश्यक असते, एकदा आयपीव्ही४ची सक्ती करून आणि एकदा आयपीव्ही६ची. एसएसएचच्या ग्राहकात आणि नेटकॅट या जोडणी तपासण्याच्या साधनात त्यासाठी ‘४’ आणि ‘६’ हे पर्याय आहेत. एसएनएमपी यूडीपीवर चालते, त्यामुळे तिथे उत्तर न येणे हा सेवा नसल्याचा पुरावा धरता येत नाही: कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा परवलीचा शब्द) चुकली तरीही ती गप्पच राहते.