लेमन लॉ

नवी घेतलेली मोटार त्याच बिघाडासाठी पुनःपुन्हा दुरुस्तीला न्यावी लागते आणि तरीही धड होत नाही, अशा वेळी ती उत्पादकाने बदलून द्यावी किंवा ग्राहकाचे पैसे परत करावेत, असे बंधन घालणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे ‘लेमन लॉ’ या नावाने ओळखले जातात; ‘लेमन’ म्हणजे तिथल्या बोलीत अशी सदोष निघालेली गाडी. सर्व ५० राज्यांत आणि डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियात असा कायदा आहे. पण मुदती, मैलांच्या मर्यादा, दुरुस्तीच्या खेपा हे सगळे राज्यागणिक बदलते. सुरक्षेशी संबंधित दोषांसाठी होणारा ‘रिकॉल’, म्हणजे कंपनीने मालकांना कळवून दोष फुकट दूर करणे, हा यापासून वेगळा, केंद्र सरकारच्या कायद्याखालचा मामला आहे. रिकॉल एका मॉडेलच्या हजारो-लाखो गाड्यांकडे पाहतो, लेमन लॉ एका ग्राहकाच्या एका गाडीकडे. या दोन्हींची गल्लत सर्रास होते आणि तिचा भुर्दंड ग्राहकालाच बसतो.

पूर्वपीठिका

लेमन कायदे येण्याआधी फसलेल्या ग्राहकाला व्यापारी व्यवहारांच्या सामान्य कायद्याचाच आधार होता. यातला गाजलेला निकाल न्यू जर्सीतील १९६८ चा, ‘झॅब्रिस्की शेवरोले’ खटल्याचा. शोरूममधून नवी गाडी घरी नेताना ती पहिल्याच मैलाच्या आत सिग्नलला बंद पडली. मग प्रत्येक थांब्याला बंद पडू लागली आणि शेवटी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये रखडत घरी पोचली. घर शोरूमपासून जेमतेम अडीच मैलांवर होते. ग्राहकाने चेकचे पैसे थांबवले आणि व्यवहार रद्द केल्याचे कळवले. डीलरने शोरूममधल्या दुसऱ्या एका गाडीचे ट्रान्समिशन काढून या गाडीत बसवले आणि ‘आता गाडी ठीक आहे, न्या’ म्हणून आग्रह धरला. न्यायालयाने कौल ग्राहकाला दिला. मोटार ही आयुष्यातली मोठी खरेदी असते, तिच्यावरचा विश्वास एकदा डळमळला की ती त्या माणसाच्या लेखी पूर्वीची वस्तू राहत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

पण असा खटला चालवायला पैसा आणि चिकाटी दोन्ही लागे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याने थोडी वाट मोकळी केली. लेखी वॉरंटी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले आणि जिंकलेल्या ग्राहकाचा वकिलीचा खर्च कंपनीकडून वसूल करण्याची सोय झाली. वाजवी प्रयत्नांनंतरही दोष न गेल्यास वस्तू बदलून देण्याची सक्ती मात्र फक्त ‘पूर्ण’ वॉरंटीला होती. मोटार कंपन्यांनी यावर सरळ उपाय काढला : वॉरंटीवर ‘मर्यादित’ असा शिक्का मारला. ‘वाजवी प्रयत्न’ म्हणजे नेमके किती, हेही कुणी सांगितले नव्हते. लेमन लॉने जी खरी भर घातली ती या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याची. १९८२ साली कनेटिकट राज्याने विधिमंडळ सदस्य जॉन वुडकॉक यांच्या पुढाकाराने असा पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपल्या १९७० च्या साँग-बेव्हर्ली या ग्राहक-वॉरंटी कायद्याला असेच आकडे ठरवणाऱ्या टॅनर कायद्याची जोड दिली आणि मग इतर राज्ये एकामागून एक आली.

गाडी लेमन केव्हा ठरते

दोष असा हवा की गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यांना ठळक बाधा आली पाहिजे. डॅशबोर्डची किरकोळ खडखड यात सहसा बसत नाही. महामार्गावर अचानक बंद पडणारे इंजिन बसते. अपघात, हयगय किंवा मालकाने परस्पर केलेले फेरफार यांतून आलेला बिघाड वगळला जातो.

कॅलिफोर्नियात गाडी हातात पडल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यांतले जे आधी येईल त्या काळात एकाच दोषासाठी चार किंवा अधिक खेपा झाल्या, अथवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत अडकली, तर कंपनीला वाजवी संधी मिळून गेली असे गृहीत धरले जाते. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका असलेल्या दोषाला दोनच खेपा पुरतात. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षे किंवा १८,००० मैलांत चार खेपा वा ३० दिवस. न्यू जर्सीत दोन वर्षे किंवा २४,००० मैलांत तीन खेपा वा २० दिवस. मॅसॅच्युसेट्समध्ये एक वर्ष किंवा १५,००० मैलांत तीन खेपा वा कामकाजाचे १५ दिवस. काही राज्यांत याउपर कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची एक अखेरची संधी द्यावी लागते आणि ते पत्र न पाठवल्याने भले भले दावे अडतात. हे आकडे म्हणजे गृहीतक आहे, लक्ष्मणरेषा नव्हे : कॅलिफोर्नियात १८ महिने उलटल्यावरही वॉरंटी चालू असताना आलेल्या दोषावर दावा करता येतो, फक्त सिद्ध करण्याचा भार वाढतो.

जॉब कार्डाचे महत्त्व

या सगळ्या हिशेबाचा पाया एकच कागद आहे, सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड. त्यावर गाडी आली ती तारीख, मीटरचा आकडा, ग्राहकाच्या शब्दांत तक्रार, मेकॅनिकला काय आढळले, काय केले आणि गाडी परत कधी दिली, एवढे असते. ‘गाडी नीट चालत नाही’ अशी मोघम नोंद झाली की चार खेपा चार वेगवेगळ्या तक्रारींच्या ठरवता येतात. ‘ताशी ४० मैलांच्या आसपास, इंजिन गरम झाल्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हिसका बसतो’ अशी नोंद दर वेळी त्याच शब्दांत असेल तर तो एकच दोष राहतो.

सगळ्यात घातक शेरा म्हणजे ‘तक्रार आढळली नाही’. अधूनमधून येणारे दोष वर्कशॉपच्या आवारातल्या चार फेऱ्यांत सापडत नाहीत, हे मेकॅनिकलाही ठाऊक असते. म्हणून जाणकार ग्राहक मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवतो, दिव्यांचे आणि आवाजाचे व्हिडिओ काढून ठेवतो. दोष सापडो न सापडो, गाडी दाखवल्याची नोंद कागदावर आलीच पाहिजे. तोंडी ‘बघून घेतो साहेब’ ही खेप मोजली जात नाही. गाडी पार्टची वाट पाहत उभी राहिली ते दिवसही बहुतेक ठिकाणी मोजले जातात, त्यामुळे परत मिळाल्याची तारीखही तितकीच मोलाची.

दुसरा नेहमीचा शेरा : ‘या मॉडेलचे हे वैशिष्ट्यच आहे’. त्याला उत्तर कधीकधी कंपनीच्याच कागदात सापडते. डीलरांना पाठवलेली तांत्रिक पत्रके राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन या केंद्रीय संस्थेकडेही द्यावी लागतात आणि ती लोकांना पाहता येतात. ज्याला वैशिष्ट्य म्हटले, त्याच्याच दुरुस्तीची कृती अशा पत्रकात छापलेली असली की शेऱ्यातली हवाच निघते.

परतावा

पैसे परत घ्यायचे की दुसरी गाडी, ही निवड बहुतेक राज्यांत ग्राहकाची असते. कर व नोंदणीचा खर्चही मिळतो. मात्र बिघाडाआधीच्या वापराची वजावट होते. कॅलिफोर्नियाचे सूत्र सोपे आहे : पहिल्यांदा दुरुस्तीला नेली तेव्हाचे मैल भागिले १,२०,००० गुणिले गाडीची किंमत. ३६,००० डॉलरची गाडी ६,००० मैलांवर पहिल्यांदा दाखवली असेल तर १,८०० डॉलर कापले जातात. तोच दोष सहन करत १८,००० मैलांवर दाखवली तर ५,४०० डॉलर. तक्रार पुढे ढकलण्याची किंमत इतकी उघडपणे फार थोडे कायदे मांडतात. कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केल्याचे ठरल्यास तिथे प्रत्यक्ष नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही होऊ शकतो.

पुष्कळ कंपन्या आधी लवादाकडे जायला सांगतात. केंद्रीय नियमांनुसार चालणाऱ्या अशा यंत्रणेने साधारणपणे ४० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि तो न पटल्यास ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. फ्लोरिडासारख्या राज्यांत सरकारी लवाद मंडळच आहे; टेक्ससमध्ये हे काम राज्याचे मोटार वाहन खाते पाहते. हरलेल्या कंपनीने वकिलाची फी भरायची असल्याने वकील असे दावे ग्राहकाकडून पैसा न घेता लढवतात. कायद्याचा खरा जोर इथे आहे, आणि कंपन्यांचा रागही इथेच. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने दाव्याच्या मुदती आणि पूर्वसूचनेचे नियम बदलले. पुढच्याच वर्षी ते नियम स्वीकारायचे की नाही हे कंपन्यांवर सोपवण्यात आले. ग्राहकाची कार्यपद्धती गाडीच्या बोनेटवरच्या बोधचिन्हावर अवलंबून राहावी, ही रचना चमत्कारिकच म्हणायची.

परत घेतलेल्या आणि वापरलेल्या गाड्या

कंपनीने परत घेतलेली गाडी भंगारात जातेच असे नाही. दुरुस्त होऊन ती पुन्हा बाजारात येते. कॅलिफोर्नियात तिच्या मालकीपत्रावर ‘लेमन लॉ बायबॅक’ अशी नोंद होते आणि डाव्या पुढच्या दाराच्या चौकटीवर तसे स्टिकर लावावे लागते. गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नव्या कागदांवर ही नोंद गाळण्याचे प्रकार मात्र होत आले आहेत.

जुन्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण तोकडेच आहे. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशा मोजक्या राज्यांत वेगळा कायदा आहे. न्यूयॉर्कमध्ये १८,००० ते ३६,००० मैल झालेल्या गाडीला डीलरने ९० दिवस किंवा ४,००० मैलांची हमी द्यायची असते आणि गाडी जास्त चाललेली असेल तशी ती घटत जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीची मूळ वॉरंटी शिल्लक आहे एवढ्यावरून जुनी गाडी ‘नवी मोटार’ ठरत नाही, असा निकाल दिला आणि अनेकांची वाट बंद झाली.

सुरक्षेची तक्रार आणि रिकॉल

१९६६ च्या वाहन-सुरक्षा कायद्यानुसार सुरक्षा-दोष आढळल्यास कंपनीने मालकांना कळवून तो फुकट दूर करायचा असतो. हे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे कोणीही मालक वाहन ओळख क्रमांकासह तक्रार नोंदवू शकतो. ही संस्था कुणाचे वैयक्तिक भांडण सोडवत नाही, पैसे मिळवून देत नाही. ती तक्रारींत नमुना शोधते : एकच मॉडेल, एकच भाग, सारखी लक्षणे. तसे दिसले तर प्राथमिक चौकशी, मग अभियांत्रिकी तपास आणि त्यानंतर रिकॉल. दोष ठरल्यावर कंपनीने कामकाजाच्या पाच दिवसांत संस्थेला कळवायचे असते. फायरस्टोनचे टायर निकामी होऊन फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर २००० साली आलेल्या कायद्याने मृत्यू, इजा व वॉरंटी-दाव्यांची माहिती आधीच देण्याची सक्ती केली.

तक्रारीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते यावर किती अवलंबून असते, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विच प्रकरणात दिसले. कोबाल्ट या मॉडेलसह काही गाड्यांत किल्ली आपल्या जागी पुरेशी घट्ट बसत नसे. जड जुडगा लटकत असला किंवा गुडघा लागला तरी ती ‘चालू’वरून सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होत. गाडी चालता चालता बंद पडते या तक्रारी कंपनीच्या आत ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात गेल्या, सुरक्षेच्या नाही. पुढे स्विचची रचना बदलली गेली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांची तुलना करणारेही चकले. रिकॉल झाला तो २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख गाड्यांचा. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले.

ह्युंदाई-कियाच्या थीटा २ इंजिनात कारखान्यातील यंत्रकामाचा धातूचा कीस आत राहून बेअरिंगला तेल मिळेनासे होई. आधी ठोके ऐकू येत, मग इंजिन जाम होई. २०१५ आणि २०१७ चे रिकॉल वेळेवर झाले नाहीत या मुद्द्यावर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. माहिती बाहेर आणणाऱ्या अभियंत्याला पुढच्या वर्षी २.४ कोटी डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले.

रिकॉलचे पत्र आले म्हणून गाडी लेमन ठरत नाही आणि लेमन ठरलेल्या गाडीच्या मॉडेलचा रिकॉल होईलच असेही नाही. फुकट दुरुस्तीचा हक्क गाडी १५ वर्षांची होईपर्यंत असतो. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही, मोठ्या कंपन्यांना ती भाड्यानेही देता येत नाही. जुनी गाडी विकण्यावर मात्र केंद्रीय कायद्यात अशी बंदी नाही. विकत घेणाऱ्याने ओळख क्रमांक स्वतःच तपासून पाहिलेला बरा.

सॉफ्टवेअरने नवाच पेच आणला आहे. रात्री घरासमोर उभ्या गाडीत इंटरनेटवरून दुरुस्ती उतरते. सुरक्षेचा दोष असेल तर तिलाही रिकॉलच म्हणतात. पण गाडी सर्व्हिस सेंटरला गेलीच नाही, तर खेप मोजायची कशी? अशा वेळी बिघाडाची तारीख, मीटरचा आकडा आणि कंपनीशी झालेला लेखी पत्रव्यवहार यांनाच जॉब कार्डाचे काम करावे लागते.

इतर देश

सिंगापूरमध्ये २०१२ पासून मोटारींसह सर्वच ग्राहकवस्तूंना लागू असा कायदा आहे; सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे त्यात मानले जाते. दक्षिण कोरियाने २०१९ पासून मोटारींसाठी अशी तरतूद केली. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते. भारतात स्वतंत्र लेमन लॉ नाही. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वैयक्तिक दाद मागायची ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आयोगाकडे. तिथे दोष उत्पादनातलाच आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल सहसा निर्णायक ठरतो, आणि किती खेपांनंतर गाडी बदलून द्यायची याचा आकडा कायद्यात नाही.