उक्त्या सौद्याची मुळे: नाशिकच्या डोंगरी तालुक्यांतील मालकी लाकडाची पार्श्वभूमी

सुरगाणा, पेठ, हरसूल किंवा कळवणच्या डोंगरपट्ट्यात ज्याच्या शेतात पाच-दहा जुने साग उभे आहेत, त्याच्या दारात गिऱ्हाईक आपणहून येते. पेरणी तोंडावर आलेली असते, घरात लग्न ठरलेले असते किंवा कोणी दवाखान्यात असते, नेमके तेव्हा. झाडे मोजली जात नाहीत. शेतात एक फेरी होते, 'उक्ते एवढे देतो' असा आकडा सांगितला जातो, विसार हातावर ठेवला जातो आणि काही कागदांवर सह्या-अंगठे घेतले जातात. त्यातला एखादा कागद मुखत्यारपत्र असतो, हे मालकाला बरेचदा पुढे कधीतरी कळते.

आदिवासी खातेदाराच्या झाडांचा असा परस्पर सौदा महाराष्ट्रात १९६९ पासून बेकायदा आहे. तरीही तो का होत राहतो, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

सुरुवात एका विचित्र वस्तुस्थितीपासून करू. ज्याची जमीन त्याचेच झाड, हे आपल्याकडे फार जुने नाही. मुंबई इलाख्यात जमीन महसूल कायदा १८७९ चा. त्यात खातेदाराला शेतातल्या बहुतेक झाडांवर हक्क मिळाला, पण सरकारने राखून ठेवलेल्या जाती त्यातून वगळल्या, आणि त्यांत साग अग्रभागी होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, वन कायदा येऊन डोंगर राखीव होऊ लागले होते. म्हणजे कोकणा, वारली, महादेव कोळी किंवा भिल्ल शेतकरी ज्या सागाच्या सावलीत नागली पेरत होता, तो साग कागदावर अनेकदा त्याचा नव्हताच. चोरी केल्याशिवाय स्वतःच्या शेतातले झाड तोडता येत नाही, अशी ही स्थिती होती. अशा माणसाला झाडाची बाजारातली किंमत कळावी तरी कुठून? ही किंमत माहीत नसणे पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि पुढच्या प्रत्येक ठेकेदाराने त्यावरच धंदा केला.

मागणी मात्र जबरदस्त होती. शेजारच्या डांगातल्या सागासाठी इंग्रजांनी १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे करून घेतले होते. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. तिला स्लीपर हवे होते, इंजिनाला जळण हवे होते, वाढत्या मुंबईला तुळया हव्या होत्या. नाशिक शहरातले जुने वाडेही सागाच्या खांबांवर उभे आहेत. घाटमाथ्यावरचे लाकूड बैलगाडीने आणि मग रेल्वेने खाली उतरत राहिले, आणि ते उतरवणारा ठेकेदार गावात धान्य व मीठ उधार देणारा सावकारही बनला. आदिवासी मजूर त्याच्या कर्जात, मग त्याच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात.

या कर्जाची अधिकृत नोंद १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाली. मुंबई प्रांताच्या आदिवासी भागांची पाहणी करून डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने जो अहवाल दिला, त्यात सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या हाती आदिवासी कसा सापडला आहे हे स्पष्ट लिहिले होते. याच काळात, १९३७ मध्ये, दादासाहेब बिडकरांनी नाशिकला डांग सेवा मंडळ स्थापन केले आणि पेठ-सुरगाण्याच्या बाजूला शाळा, वसतिगृहे उभी राहू लागली. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ च्या सुमारास एक पाऊल पुढे टाकले. जंगलाचे कूप ठेकेदारांऐवजी आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांना देण्यास सुरुवात केली. 'जंगल कामगार सहकारी संस्था' हे नाव नाशिक, ठाणे, धुळे भागात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, ते तेव्हापासून. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण त्याने मजुराला तोडीच्या आणि मोजणीच्या जागी उभे केले. काही संस्था पुढे जुन्याच ठेकेदारांच्या मुठीत गेल्या, हेही खरे.

पण कूप सरकारी जंगलातले. शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडाचे काय, हा प्रश्न १९६० च्या दशकात कायद्याच्या पुस्तकात आला आणि पाच वर्षांत तीन कायदे झाले. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने साग, खैर, मोह, आंबा, चिंच, हिरडा, ऐन, बिवळा, जांभूळ, चंदन अशा अनुसूचित झाडांच्या तोडीला परवानगी लागेल असे ठरवले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ पासून. तिच्या कलम २५ ने खातेदाराच्या जमिनीतली सर्व झाडे त्याचीच, असे अखेर म्हटले. जिथे सरकारी हक्क आधीपासून होता, तिथे मोल भरून तो मिळवण्याची वाटही ठेवली. आणि १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आला.

हा शेवटचा कायदा नीट पाहायला हवा. आदिवासी खातेदाराने झाडे विकायची तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. खासगी गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार नाही. मालकी तपासली जाते, वनखाते झाडांची मोजणी करते, तोड व विक्री सरकारी देखरेखीखाली होते आणि खर्च वजा जाता रक्कम खातेदाराला मिळते. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे. झाडाला संरक्षण त्याच्या पाच वर्षे आधी मिळाले. जमिनीपेक्षा झाड लवकर आणि गुपचूप जाते, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना दिसत होते. याची किंमत पुढे शेजारच्या मध्य प्रदेशाने मोजली. तिथे (आताच्या छत्तीसगडात) बस्तरमध्ये आदिवासींच्या खासगी जमिनीवरच्या सागाची, 'मालिक मकबूजा' लाकडाची, लूट १९९० च्या दशकात इतकी वाढली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संरक्षणाचा कायदा तिथेही १९५६ पासून होताच.

कायदा असूनही लूट कशी होते, याचे उत्तर मोजणीत आहे. लाकडाच्या धंद्यात गोल ओंडका चौथाई घेराने मोजतात: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समजा ओंडक्याचा घेर ४ फूट आणि लांबी १० फूट. चौथाई १ फूट, म्हणजे माप १० घनफूट. प्रत्यक्षात त्या गोल ओंडक्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. कापताना जाणारी घट धरून ही पद्धत पडली आहे आणि सरकारी लाकूड आगारातही तीच चालते, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणूक त्यानंतर होते. घेराची टेप ओंडक्याच्या मध्याऐवजी शेंड्याकडे लावली आणि ४ फुटांऐवजी साडेतीन फूट लिहिले, की तेच माप १० वरून ७.६६ घनफुटांवर येते. अर्ध्या फुटात जवळपास पाव माल गेला. वर्ग होत असल्यामुळे घेरातली छोटी चूक मोठी होते, हे शाळेत गणित शिकलेल्या मुलालाही पटकन लक्षात येत नाही. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्याला कसे येणार? शिवाय सरळ, इमारती लाकूड 'जळाऊ' म्हणून लावले जाते. फाटे, बुडखे हिशेबातच धरले जात नाहीत. उक्त्या सौद्यात तर मापाचा प्रश्नच येत नाही, आणि व्यापाऱ्याला तो का आवडतो हे वेगळे सांगायला नको.

दुसरी जागा कागदाची. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे लाकडाच्या वाहतुकीवर राज्याचे नियंत्रण आहे. पास, म्हणजे वाहतुकीचा परवाना, नाही तर ट्रक नाक्यावर अडतो. म्हणून डोंगरी भागात मालकीच्या पासाला लाकडाइतकीच किंमत आहे. शेजारच्या राखीव जंगलातले चोरटे साग किंवा काथासाठी गुजरातकडे जाणारा खैर एखाद्या गरीब खातेदाराच्या पासावर बाहेर काढता येतो. मोजणी यादीत नसलेली झाडे आहेत म्हणून दाखवायची, एवढेच करावे लागते. पकडले गेले तर सात-बाऱ्यावर नाव खातेदाराचे, गुन्ह्याच्या कागदातही तोच. विसार देणारा माणूस तेव्हा ओळखही दाखवत नाही. चतु:सीमा, म्हणजे शेताच्या चारही बाजूंच्या हद्दी, निश्चित करण्यासाठी भूमी अभिलेख आणि वनखात्याची मोजणी जी लागते, ती या कारणासाठी. ती रास्त आहे, पण तिची फी आणि तारखा शेतकऱ्याला थकवतात, आणि थकलेल्या शेतकऱ्याला 'सगळे कागद मी करतो' म्हणणारा दलाल देवासारखा वाटतो. संरक्षणाची वाट जितकी लांबली, तितका दलालाचा हात बळकट झाला. हे स्पष्ट म्हणावेसे वाटते, कारण सरकारी चर्चेत व्यापाऱ्याच्या लोभाबद्दल बोलले जाते, फायलीच्या वेगाबद्दल फारसे नाही.

हा वेग १९९० नंतर आणखी मंदावला. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे अनेक सात-बाऱ्यांवर वनाच्या नोंदी होत्याच. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने 'वन' शब्दाचा अर्थ रुंदावला आणि तोडीच्या प्रत्येक परवानगीवर काळजीपूर्वक पाहणे आले. जंगलासाठी ते गरजेचे होते. मात्र ज्याच्या बांधावर आजोबांनी राखलेला साग आहे, त्याच्या अर्जालाही तीच चाळणी लागली.

याच जिल्ह्यात एक वेगळी वाटही चालून पाहिली गेली, ती सपाटीवर. निफाडचे विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात नीलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांनी झाड पीक म्हणून लावायचे आणि विक्री एकत्र येऊन करायची, म्हणजे एकट्याला गाठून भाव पाडायची सोय व्यापाऱ्याला राहत नाही. पुढे देशभर नीलगिरीचा माल वाढला, भाव उतरले, पाण्यावरून वादही झाले. पण विकणारे एकत्र आले की मोजणीच्या वेळी टेपेच्या दुसऱ्या टोकाला आपला माणूस असतो, हे त्या प्रयोगात निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्यांनी अनुभवले. डोंगरातल्या सागवाल्यांपर्यंत तो पोचला नाही. तिथे झाडे थोडी, विखुरलेली आणि बहुतेक घरांना आयुष्यात एकदाच विकायची असतात, त्यामुळे संघटना बांधणे अवघडच होते.

२०२३ च्या अखेरीस केंद्राने लाकूड वाहतुकीची राष्ट्रीय परवाना प्रणाली सुरू केली. अर्ज ऑनलाइन, परवाना मोबाइलवर. सुरगाण्याच्या वाडीत मात्र आजही हा अर्ज बहुधा दुसऱ्याच्या फोनवरून भरला जातो. म्हणून खातेदाराने तीन गोष्टी स्वतःकडे ठेवायला हव्यात: झाडांच्या मोजणी यादीची सही-शिक्क्याची नक्कल, ज्यावर अंगठा उठवला त्या प्रत्येक कागदाची प्रत आणि रक्कम ज्यात येणार ते पासबुक. मोजणीच्या दिवशी घरातले शिकलेले मूल किंवा गावातला एखादा शिक्षक शेतात उभा राहिला आणि प्रत्येक ओंडक्याचा घेर व लांबी वहीत टिपली, तर तीच वही पुढे तक्रारीला उपयोगी पडते. आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे आणि ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आहे. मोजणी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची पद्धत पेठ-सुरगाण्यापासून सुरू करायला नव्या कायद्याची गरज पडणार नाही.