जुनी अमेरिकी चांदीची नाणी : ओळख आणि मूल्यमापन

अमेरिकेच्या सरकारी टांकसाळींनी १९६४ पर्यंत रोजच्या व्यवहारासाठी पाडलेली चांदीची नाणी, आणि खासगी कारखान्यांनी गुंतवणुकीसाठी घडवलेल्या ‘राऊंड’ नावाच्या चांदीच्या चकत्या, यांची किंमत दोन वेगळ्या हिशेबांनी ठरते. पहिला हिशेब धातूचा, म्हणजे नाण्यात निव्वळ चांदी किती आहे याचा; दुसरा संग्राहकांच्या मागणीचा असून तो वर्ष, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था यांवर अवलंबून असतो. पहिल्या हिशेबाने येणारी रक्कम ही नाण्याची किमान किंमत होय, आणि दुसरा हिशेब न करताच नाणे मोडीत घालणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा तोटा आहे.

अमेरिकी चांदीच्या नाण्यांचा कस १८३७ मध्ये हजारात ९०० भाग असा ठरला. उरलेले १०० भाग तांब्याचे. डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ०.७७३४ ट्रॉय औंस, म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित जास्त, शुद्ध चांदी असते. चांदीचा भाव औंसाला ३० डॉलर असेल, तर अशा नाण्याचे धातुमूल्य सुमारे २३ डॉलर २० सेंट होते. डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) ही लहान नाणी मात्र थोड्या हलक्या प्रमाणावर पाडलेली आहेत. एक डॉलर दर्शनी मूल्याच्या कोऱ्या नाण्यांत ०.७२३४ औंस चांदी असते, पण व्यापारी झीज गृहीत धरून ०.७१५ औंसच मोजतात. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्णपणे गेली. हाफ डॉलरमध्ये ती १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. क्वार्टर उभे धरून कड पाहिली की हा फरक लगेच कळतो, कारण १९६५ पासूनच्या नाण्याच्या कडेवर तांब्याचा लालसर पट्टा दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पाच सेंटच्या नाण्यांत ३५ टक्के चांदी असते. १९४२ साली दोन्ही प्रकारची नाणी निघाली असल्यामुळे तिथे वर्षावरून निर्णय होत नाही. मागच्या बाजूला असलेल्या इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचे मोठे अक्षर असेल, तरच ते चांदीचे.

संग्राहकांचे सर्वाधिक लक्ष असते ते मॉर्गन डॉलरवर. जॉर्ज मॉर्गन यांनी रेखाटलेले हे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. मागच्या बाजूला, गरुडाभोवतीच्या माळेच्या गाठीखाली, टांकसाळीचे चिन्ह असते: कार्सन सिटीचे ‘सीसी’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’, तर १९२१ च्या काही नाण्यांवर डेन्व्हरचे ‘डी’. फिलाडेल्फियाची नाणी चिन्हाविना असतात. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत अवघी एक लाख नाणी पडली, त्यामुळे त्या वर्षाच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून फसवण्याचे प्रकार होतात. म्हणून भिंगाखाली ‘लिबर्टी’ शब्दातील ‘टी’चा माथा तपासतात: अस्सल नाण्यावर तिथे ठशातूनच उतरलेली एक बारीक उठावदार रेघ असते.

किती नाणी पडली, यावरून आज किती उरली हे मात्र कळत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण थेट भारताशी जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धात भारतात नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की सरकारजवळचा चांदीचा साठा आटू लागला. तेव्हा एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. एका डॉलरातली शुद्ध चांदी सव्वादोन रुपयांना पुरेल एवढी होती. कोणत्या वर्षाची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद ठेवली गेली नाही, त्यामुळे पुढची कित्येक दशके दुर्मिळतेचे अंदाज अंधारातच बांधले गेले. न्यू ऑर्लिन्सचे १९०३ चे नाणे अत्यंत दुर्मिळ समजले जाई. १९६२ अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. वितळवलेल्या डॉलरांची भरपाई करण्याचे बंधन त्याच कायद्यात होते, म्हणून १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा पाडले गेले आणि त्याच वर्षअखेर अँथनी दे फ्रांचिशी यांचा पीस डॉलर आला. १९२१ चा मॉर्गन सर्वत्र मिळतो. त्याला संग्रहमूल्य सहसा थोडेच असते.

अवस्थेची प्रतवारी १ ते ७० या शेल्डन मापावर होते. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाश तिरका पाडून ते फिरवले, की उजेडाचे पट्टे त्याच्यासोबत फिरतात. ही झळाळी ठशाच्या दाबाखाली धातू पसरताना तयार झालेली असते आणि ती पुन्हा आणता येत नाही. चिंच, रांगोळी किंवा पॉलिश लावून नाणे घासले की ती कायमची जाते आणि किंमत अनेकदा निम्म्याहूनही खाली येते. काळवंडलेले नाणे तसेच ठेवावे.

बनावट नाणी ओळखताना वजन, व्यास आणि कड या क्रमाने तपासणी करावी. मॉर्गनचा व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. चुंबकाला चिकटणारे नाणे खोटेच असते, पण न चिकटणारे खरे असेलच असे नाही. १८७३ पासूनचा ट्रेड डॉलर आशियातील व्यापारासाठी होता; त्याचे वजन २७.२२ ग्रॅम असते. त्याच्यावर चिनी सराफांनी पारख करून मारलेले बारीक ठसे पुष्कळदा आढळतात.

राऊंडला दर्शनी मूल्य नसते, कारण ते चलन नव्हे. सरकारी सिल्व्हर ईगल हे १९८६ पासूनचे एक औंसाचे, ९९९ कसाचे नाणे असून त्यावर एक डॉलर हे मूल्य कोरलेले असते. राऊंडची किंमत चांदीचा भाव आणि थोडी घडणावळ एवढीच धरावी. एंगलहार्डसारख्या जुन्या कारखान्यांच्या काही राऊंडना मात्र संग्राहक जास्त पैसे देतात. ‘१०० मिल्स’ असे शब्द कोरलेली चकती घन चांदीची नसून केवळ मुलामा दिलेली असते, मग शेजारी ९९९ हा आकडा असला तरीही.