निरोगी म्हातारपण, मेंदू आणि हलणारी मोजपट्टी

एमआरआय मेंदूचं चित्र काढतो. जवळपास त्याच यंत्रातून, कुठेही सुई न टोचता, मेंदूतल्या रसायनांचा अंदाजही घेता येतो. ही मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरएस. काहीच आजार नसलेला, नुसतं वय झालेला मेंदू तिच्याखाली ठेवला की निष्कर्ष एकमेकांशी का भांडतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1946 मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद, म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, पकडला: चुंबकीय क्षेत्रातली केंद्रं ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, तोच संकेत. 1950 मध्ये प्रॉक्टर आणि यू हे भौतिकशास्त्रज्ञ नायट्रोजनच्या केंद्राचा चुंबकीय गुणधर्म मोजायला बसले. नमुना अमोनियम नायट्रेटचा. एक संकेत यायला हवा होता, आले दोन: अमोनियममधला नायट्रोजन वेगळा बोलत होता, नायट्रेटमधला वेगळा. केंद्र मोजू पाहणाऱ्यांना ही कटकटच वाटली. पुढच्याच वर्षी अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलमधून तीन वेगळी शिखरं दाखवली आणि ती कटकट रसायनशास्त्राचं हत्यार झाली. धर्मट्टींनी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला.

मेंदूची बाजू स्वतंत्रपणे चालली होती. 1956 मध्ये मांजराच्या मेंदूत एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, म्हणजे एनएए, सापडलं. भरपूर असतं, पण नेमकं कशासाठी, यावर अजून वाद आहे. 1974 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदराच्या पायाच्या अखंड स्नायूतून फॉस्फरसचे संकेत मिळवले, 1983 मध्ये लंडनमध्ये नवजात बाळांच्या मेंदूपर्यंत मजल गेली. माणसाच्या मेंदूतून हायड्रोजनचे संकेत घेणं 1980 च्या दशकाच्या मध्यावर जमलं. अडचण पाण्याची होती. त्याचा संकेत इतर रसायनांच्या हजारो पट मोठा, तो आधी दाबावा लागतो. याच काळात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द नावातून गळाला; रुग्ण त्या शब्दाला बिचकत.

आलेख उजवीकडून डावीकडे वाचायचा; खालच्या पट्टीवरचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांशात, असतात आणि प्रत्येक रसायनाची जागा ठरलेली असते. 2.02 वर एनएएचं उंच शिखर, 3.03 वर क्रिएटीन, 3.2 वर कोलीन, 3.56 च्या आसपास मायो-इनॉसिटॉल. मेंदूतला साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा ठोकळा निवडायचा आणि माणसाने काही मिनिटं निपचित पडून राहायचं.

शिखराची उंची एकटी काही सांगत नाही, ती कशाच्या तरी प्रमाणात मोजावी लागते. क्रिएटीन स्थिर असतं असं मानून सगळी गुणोत्तरं त्याच्यावर काढायची रीत पडली. तरुण रुग्णांत ते बहुधा खपून जायचं. वय वाढलं की काही भागांत क्रिएटीनच वाढतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं. मग एनएए भागिले क्रिएटीन घटलं, तर घटलं काय आणि वाढलं काय? भरीला म्हातारपणी मेंदू आक्रसतो, त्या ठोकळ्यात पाण्यासारखा मेंदूद्रव जास्त शिरतो आणि ऊती कमी उरते. ती दुरुस्ती न करता छापलेल्या जुन्या आकड्यांवर मी तरी फार भिस्त ठेवणार नाही.

एनएए घटलं म्हणजे चेतापेशी मेल्या, असं मानलं जायचं; हे समीकरणही सैल पडलं. 1997 मध्ये डेन्मार्कमध्ये मृत्यूनंतरच्या मेंदूंत पेशी मोजल्या, तर 20 ते 90 वयात मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशी सुमारे 10 टक्क्यांनीच कमी भरल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारात तर घटलेलं एनएए पुन्हा चढतानाही दिसलं होतं. मेलेली पेशी परत येत नाही. म्हणजे हे शिखर पेशींच्या संख्येबरोबर त्यांची तब्येतही सांगत असावं.

म्हणून आता बरेच गट क्रिएटीन सोडून, दाबून टाकलेल्या त्या पाण्याचाच संकेत वेगळा नोंदवतात आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहतात.