महसूल दिन

महसूल दिन हा महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागात दरवर्षी १ ऑगस्ट रोजी साजरा होणारा दिवस असून, सरत्या वर्षात उल्लेखनीय काम केलेल्या अधिकाऱ्यांचा व कर्मचाऱ्यांचा त्या दिवशी जाहीर गौरव करण्यात येतो. २०२३ मध्ये त्याला जोडून १ ते ७ ऑगस्ट असा महसूल सप्ताह आणि २०२४ मध्ये महसूल पंधरवडा पाळण्यात आला. त्यात दाखल्यांचे वाटप, प्रलंबित फेरफारांचा (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदींचा) निपटारा असे उपक्रम घेतले गेले.

शासकीय सेवकांच्या गौरवाचे दिवस बहुधा एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ ठरलेले असतात. २१ एप्रिल हा राष्ट्रीय नागरी सेवा दिन सरदार वल्लभभाई पटेल यांनी १९४७ साली दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये परिविक्षाधीन अधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाची आठवण म्हणून निवडला गेला. महसूल दिनाची तारीख मात्र हिशेबाच्या वहीतून आली आहे. शासनाचे वित्तीय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असले, तरी महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. खरीप व रब्बी असे दोन्ही हंगाम पदरात पडलेले असतात, वसुली आटोपलेली असते आणि नव्या पेरण्या होऊन गेलेल्या असतात. जुलैअखेर गावोगावची मागणी, वसुली आणि बाकी यांचा मेळ घालून जुने हिशेब मिटवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवे वर्ष मांडायचे, हा कारकुनी रिवाज जुना आहे. व्यक्तीच्या किंवा भाषणाच्या नावे नव्हे, तर मेळ बसलेल्या हिशेबाच्या नावे साजरा होणारा हा गौरवदिन त्यामुळे अशा दिवसांत वेगळा उठून दिसतो.

गौरव होतो तो एका लांबलचक उतरंडीचा. महसूल विभागाचे सहा प्रशासकीय विभाग आणि छत्तीस जिल्हे असून, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, नायब तहसीलदार, अव्वल कारकून, मंडळ अधिकारी, तलाठी आणि कोतवाल अशी ही साखळी थेट गावच्या चावडीपर्यंत उतरते. पूर्वी गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने खालसा झाली आणि दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती गेले. पुढे मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदेही रद्द झाली. घराण्याचा मान गेला आणि नोकरीतल्या कामाचा मान सुरू झाला, हा बदल महसूल दिनामागे आहे, मग भाषणांतून त्याचा उल्लेख होवो न होवो. तलाठ्याचे पदनाम अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले असले, तरी बांधावरच्या बोलण्यात तो अजून ‘तलाठी भाऊसाहेब’च आहे.

समारंभ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा नियोजन भवनाच्या सभागृहात होतो. १ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. टिळकांचे निधन आणि अण्णा भाऊंचा जन्म या दोन्ही गोष्टी १९२० सालच्या त्याच दिवशीच्या. त्यामुळे कार्यक्रमाआधी दोन्ही प्रतिमांना हार घातले जातात. मग संवर्गवार नावे पुकारली जातात आणि शाल, श्रीफळ किंवा गुलाबपुष्प व प्रशस्तिपत्र देऊन सत्कार होतो. सेवानिवृत्तांना व दहावी-बारावीत यश मिळवलेल्या कर्मचाऱ्यांच्या पाल्यांनाही अनेक ठिकाणी बोलावतात. यादीतले शेवटचे नाव बहुधा कोतवालाचे असते. दवंडी देणारा, नोटीस बजावणारा, वसुलीचा तगादा घेऊन दारोदार फिरणारा आणि रुमालात बांधलेले दप्तर तहसीलला वाहून नेणारा हा माणूस मानधनावर राबतो, आणि त्याला चतुर्थ श्रेणी द्यावी ही त्याच्या संघटनांची मागणी फार जुनी आहे. अलीकडे त्याचे पदनाम महसूल सेवक असे झाले. टाळ्या सर्वांत जोरात त्यालाच पडतात. त्यांत कौतुक किती आणि अपराधी भावना किती, हे सांगणे अवघड आहे.

तारखेमुळे आणखी एक गोष्ट घडते. जुलै हा महाराष्ट्रात अतिवृष्टीचा महिना असल्याने वर्षातले सर्वांत खडतर काम गौरवाच्या तोंडावर येते. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले ते ३० जुलै २०१४ रोजी. रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला तो १९ जुलै २०२३ च्या रात्री, म्हणजे पहिल्या महसूल सप्ताहाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. वाडीला मोटाररस्ता नव्हता आणि सगळी यंत्रणा चिखलातून पायी वर चढली. एरवीच्या पुरातही पंचनामा तलाठ्यालाच करावा लागतो: घर पूर्ण पडले की अंशतः, जनावरे किती दगावली, जमीन किती खरडून गेली. पीक नुकसानीची मदत मिळायला किमान ३३ टक्के हानी लागते, आणि हा आकडा गुडघाभर पाण्यात उभे राहून, बाजूला शेतकरी आशेने पाहत असताना, लिहायचा असतो. पंचांच्या सह्या आणि अंगठे घेऊन तो कागद त्याच रात्री तहसीलला पोहोचता करावा लागतो.

गौरवासाठी निवड करताना वसुलीची टक्केवारी, निर्गत झालेले फेरफार, निकाली काढलेले अर्ज अशी मोजता येणारी कामे साहजिकच पुढे येतात. दोन भावांमधला बांधाचा वाद फौजदारीपर्यंत जाऊ न देणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याचे काम मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही, कारण जे प्रकरण उभेच राहिले नाही त्याला क्रमांक नसतो. ‘एकाच तालुक्याला दरवर्षी मान कसा?’ अशी कुजबुज सभागृहाच्या मागच्या रांगांत ऐकू येते, आणि एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जांचा (सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडे सोपवलेला गावांचा गट) अतिरिक्त कार्यभार असताना गौरवाऐवजी रिक्त पदे भरा, असेही संघटना त्याच मंचावरून बोलून दाखवतात.

समारंभ दुपारपर्यंत आटोपतो. खरिपाची पीक पाहणी ऑगस्टातच तोंडावर आलेली असल्याने बरेच तलाठी प्रशस्तिपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ते पावसात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरून, त्याच दिवशी सज्जावर परततात.