क्षितिजरेषा आधी का काढायची? पर्स्पेक्टिव्हची पार्श्वभूमी

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीला बसलेल्या पोराला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांबचं अंतर दाखवायची रीत, शिकवताना पहिल्या आठवड्यातच सांगितलं जातं की आधी क्षितिजरेषा मार, तिच्यावर बिंदू घे आणि मागे जाणाऱ्या सगळ्या रेषा त्या बिंदूकडे ने. पोरगं नेतं, बॉक्स बरोबर येतो, मार्कही मिळतात. मग तेच पोरगं नाशिकच्या कुठल्याही स्केचिंगवाल्यासारखं रविवारी वही घेऊन काळाराम मंदिरात जातं, आवाराच्या ओवऱ्या काढायला घेतं आणि अडकतं, कारण रेषा नक्की किती उंचीवर घ्यायची आणि बिंदू कुठे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. माझं तर ठाम मत आहे की हे नियम कुणी, कशासाठी शोधले ते आधी सांगितलं पाहिजे. कारण त्यातला प्रत्येक नियम एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यापासून निघालाय.

खरी सुरुवात चित्रकारांकडून झाली नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला प्रकाश सरळ रेषेत डोळ्यापर्यंत येतो, डोळ्यातून काही बाहेर जात नाही, हे त्यात नीट मांडलेलं आहे. तो ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शिकवला जाऊ लागला. तिकडच्या चित्रकारांची धडपड चालूच होती. इटलीतल्या सिएनाच्या अँब्रोजिओ लोरेंझेत्तीने १३४४ च्या एका चित्रात फरशीच्या रेषा एकाच बिंदूकडे नेल्यात, पण तो हातचा अंदाज होता, रीत अजून सापडली नव्हती.

ती सापडली फ्लोरेन्सला, साधारण १४१५ ते १४२० च्या आसपास, फिलिप्पो ब्रुनेलेस्कीला. हा माणूस सोनारकाम शिकलेला, पुढे कॅथेड्रलचा प्रचंड घुमट बांधणारा, म्हणजे मोजमापात मुरलेला. तो कॅथेड्रलच्या दारात थोडं आत उभा राहिला आणि समोरची अष्टकोनी बाप्टिस्टरी, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची इमारत, त्याने एका छोट्या लाकडी पाटीवर रंगवली. आकाश रंगवलंच नाही, तिथे घासून चकचकीत केलेली चांदी लावली म्हणजे खरे ढग त्यात दिसतील. मग पाटीला भोक पाडलं, चित्राच्या बाजूने मसुराच्या दाण्याएवढं, मागच्या बाजूला रुंद होत गेलेलं. बघणाऱ्याने पाटीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. मानेत्ती नावाच्या त्याच्या चरित्रकाराने ही पाटी स्वतः हातात धरून पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आज ती पाटी उरलेली नाही, पण मला अख्ख्या कलेच्या इतिहासात यापेक्षा सुंदर प्रयोग माहीत नाही, कारण त्या भोकाने डोळा बांधून टाकला. एकच डोळा, एकच जागा, ठरलेलं अंतर. बिंदू एकच का याचं उत्तर तिथेच आहे.

त्यानंतर लगेच, १४२५ ते २७ च्या सुमारास, मासाच्चो या चित्रकाराने फ्लोरेन्सच्याच सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘ट्रिनिटी’ रंगवलं. त्यातला बिंदू क्रूसाच्या पायथ्याजवळ आहे, म्हणजे चर्चच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यामुळे भिंतीत खरोखरच एक खोली आहे असं वाटतं. क्षितिजरेषा म्हणजे दूरवर दिसणारी टेकडीची रेघ नव्हे, तुमच्या डोळ्यांची उंची. तुम्ही खाली बसलात की ती खाली येते, पुलावर गेलात की वर जाते आणि देवळांची छपरंसुद्धा तिच्या खाली दिसायला लागतात.

पण ब्रुनेलेस्कीने स्वतः काही लिहिलं नाही. लिहिलं अल्बेर्ती या इटालियन वास्तुकार-लेखकाने, १४३५ मध्ये. चित्र म्हणजे उघड्या खिडकीतून दिसणारं दृश्य असं मानून त्याने चौकोनी फरशी कशी आखायची ते पायरीपायरीने सांगितलं. त्याच्या काळातले काही लोक फरशीची प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक तृतीयांशाने कमी करत जायचे. त्याने ते सरळ चूक ठरवलं, कारण त्यात बघणारा कुठे उभा आहे याचा हिशोबच नाही. तपासायचं कसं, तर कर्ण टाकून. एकच सरळ रेघ लागोपाठच्या चौकोनांचे कोपरे छेदत गेली पाहिजे. ओवरीचे खांबही याच युक्तीने बसतात: पहिल्या खांबाच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून रेघ खाली जमिनीच्या रेषेवर आणा, तिसरा खांब तिथे. अंदाजाने लावलेले खांब मागे गेल्यावर नेहमी फार लांब लांब पडतात.

अल्बेर्तीचं अजून एक निरीक्षण फार कामाचं आहे. तो म्हणतो की देवळात उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच पातळीवर दिसतात आणि लांबच्यांचे पाय जवळच्यांच्या गुडघ्यांपाशी येतात. रामकुंडावर गर्दीच्या दिवशी सपाट जागी उभं राहून बघा, अगदी हेच दिसतं. घाटाच्या पायऱ्यांना मात्र वेगळा नियम लागतो. तुमच्यापासून लांब वर चढत जाणाऱ्या पायऱ्यांचा उतार क्षितिजरेषेवर मिळत नाही, तो त्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर, वर कुठेतरी मिळतो, आणि खाली उतरत जाणाऱ्यांचा खाली. एवढं माहीत नसल्यामुळे कित्येकांचा घाट चित्रात सपाट होतो.

पुढचं पटकन सांगतो. पिएरो देला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराने याचं गणित लिहिलं, लिओनार्दोने ‘लास्ट सपर’मध्ये ख्रिस्ताच्या कानशिलापाशी खिळा ठोकून रेषा आखल्या, जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ च्या पुस्तकात दोरा आणि चौकटीची यंत्रं दाखवली, आणि १७१५ मध्ये इंग्रज गणिती ब्रुक टेलरने सगळं गणिती भाषेत बांधून दिलं.

आपल्याकडे चित्रकला कमी होती म्हणून हे आलं नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. अजिंठ्याची बहुतेक चित्रं पाचव्या शतकातली, आणि तिथे एकाच चित्रात मंडप एका बाजूने दिसतो, माणसं दुसऱ्या बाजूने, कारण बघणारा गुहेत चालतोय, भोकाला डोळा लावून उभा नाहीये. ती जागा दाखवायची वेगळी आणि पूर्ण पद्धत आहे. युरोपातली छापील चित्रं १५८० मध्ये जेझुइट पाद्र्यांबरोबर अकबराच्या दरबारात पोचली आणि मुघल चित्रांत मागे छोटी छोटी शहरं दिसायला लागली, तरी तिथल्या चित्रकारांनी हवं तेवढंच घेतलं.

मराठी मुलखात हे नीट शिकवणं सुरू झालं पेशवाईत. १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यामुळे शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथले गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. वेल्स १७९५ मध्ये वारले. नंतर १८५७ ला मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट उघडलं आणि इंग्लंडच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेचा भूमिती, वस्तुचित्र, पर्स्पेक्टिव्ह असा शिस्तीचा क्रम तिथे आला. आज ग्रेड परीक्षेला जे बादली आणि घनभूमिती काढतात त्यांचं घराणं हेच.

आणि त्यात त्र्यंबकचा एक मुलगा होता. १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ ला जे.जे.मध्ये शिकायला गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात. पुढे त्यांनी फोटोग्राफी केली, नाटक कंपन्यांचे पडदेही रंगवले. महाल, रस्ता अशा पडद्यावरचं पर्स्पेक्टिव्ह थिएटरमधल्या एकाच जागेवरून अगदी बरोबर दिसतं, बाजूच्या खुर्चीवरून वाकडं वाटतं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी रंगवलेल्या पडद्यांसमोर कॅमेरा ठेवला आणि भिंगाला तर एकच डोळा असतो, त्यामुळे प्रेक्षक कुठेही बसला तरी त्याला त्या एका जागेवरूनच दिसणार. त्यानंतर त्यांनी कामाचं ठिकाण म्हणून नाशिकच निवडलं आणि १९४४ मध्ये ते नाशिकलाच वारले.