यान कुठं जाणार, हे एकटे साहेब ठरवत नाहीत

नागपूरच्या गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रातून पोरं बाहेर पडली, की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हमखास ऐकू येतं: "नासाच्या साहेबाच्या मनात आलं का निघालं यान!" कितीतरी वर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

दर दहा वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमी, म्हणजे विज्ञानाबाबत सल्ला देणाऱ्या संस्था, शास्त्रज्ञांच्या समित्या बसवतात. नासानं ग्रहांकडच्या कोणत्या मोहिमा आधी घ्याव्यात, हे या समित्या अहवालात क्रमानं सुचवतात. संशोधक आपलं म्हणणं लेखी मांडतात. २०२२च्या अहवालासाठी असे पाचशेच्या वर निबंध आले. मोठ्या मोहिमांत पहिला नंबर लागला युरेनसचा, दुसरा शनीच्या एन्सेलाडस चंद्राचा. युरेनस का? आडवा पडून सूर्याभोवती फिरणाऱ्या या ग्रहाजवळ आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर २, तेही १९८६मध्ये, जाता जाता. दुसऱ्या ताऱ्यांभोवती साधारण याच आकाराचे ग्रह ढिगानं सापडताहेत आणि आपल्या घरचाच आपल्याला नीट ठाऊक नाही, हे मला फार टोचतं.

अर्थात नंबर लागला म्हणजे पैसे मिळाले, असं नाही. ते अमेरिकी संसद मंजूर करते. २०११च्या यादीत गुरूचा चंद्र युरोपा दुसरा होता. त्याच्याकडे क्लिपर यान निघालं १४ ऑक्टोबर २०२४ला.